दुखतंय म्हणायचं नाही

त्या घरात ‘दुखतंय’ हा शब्द बंद होता. बाकी काहीही बोललेलं चालायचं. कुलूपकाकूंना शिव्यांचंही वावडं नव्हतं. सकाळी दुकानाचं शटर अडकलं की त्या शटर बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. पण दुखतंय म्हणायचं नाही. सून व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतली त्या दिवशी, ती उंबऱ्यात उभी असतानाच, काकूंनी हा कायदा केला होता. या शब्दानं माझं घर धुऊन नेलंय, असं त्या म्हणाल्या होत्या. परत तो कानावर पडला तर ही तुझी बॅग आणि हा रस्ता. सुनेनं मान डोलावली आणि बॅग आत घेतली.

काकू म्हणजे त्या गल्लीतल्या कुलूप-किल्ल्यांच्या दुकानाच्या मालकीणबाई. नवरा गेला, त्याची कानस आणि किल्ल्या कापायचं मशीन मागे राहिलं, आणि रडून झाल्यावर काकूंनी ते मशीन चालू केलं. एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर आचारी होता. वर्षातले बरेच महिने तो समुद्रावर असायचा, त्यामुळे दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत सासू आणि सून अशा दोघीच राहायच्या.

सून आधी एका पार्सलच्या गोदामात कामाला होती. खोकी उचलता उचलता तिची पाठ धरली. गोदामवाल्यांनी तिला जेमतेम दोन दिवसांची रजा दिली आणि पुन्हा त्याच खोक्यांपुढे उभं केलं. पाठीला हवी होती विश्रांती. ती मिळण्यासारखी नव्हती म्हणून डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. चांगल्या जबर गोळ्या. डॉक्टर लिहीत गेला, औषधवाला देत गेला, मुकादम खोकी पुढे सरकवत गेला आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे जेव्हा गोळीशिवाय तिला अंथरुणातून उठता येईना, तेव्हा हे तिघेही हात झटकून बाजूला झाले आणि व्यसनी काय ती एकटी हीच ठरली.

सुरुवातीला पाठ खरंच दुखायची. नंतर गोळीची वेळ टळली की सगळंच दुखायचं. हाडं, पोट, अगदी केसांची मुळंसुद्धा. नाकाला धार लागायची, अंगावर काटा यायचा, जांभयांवर जांभया यायच्या आणि गोळी पोटात गेली की सगळं शांत. आतडी इतकी सुस्तावली की पोट साफ व्हायचं नाव नाही. अंगावरचं मांस उतरलं, पाळी बंद झाली, जेवता जेवता मान कलायला लागली. एकदा न्हाणीघरात ती बसल्या जागी निळी पडली. श्वास इतका मंद होता की काकूंनी तिच्या नाकाशी चष्म्याची काच धरून पाहिली. काच जराशी धुरकटली तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला आणि त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली.

आणि या सगळ्या काळात ‘आई, दुखतंय हो’ हे तिचं पालुपद होतं. त्या शब्दाला भुलून काकूंनी आधी गोळ्या आणून दिल्या, मग पैसे दिले, मग तिच्यासाठी डॉक्टरांशी खोटं बोलल्या. शेवटी त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांच्या गोळ्यांचा डबा रिकामा सापडला. डब्याला कुलूप होतं आणि ते फुटलेलं नव्हतं. जिच्या हातची कुलपं अख्खी गल्ली डोळे मिटून लावत होती, तिचंच कुलूप सुनेनं केसांच्या पिनेनं उघडलं होतं. काकूंना गोळ्या गेल्याचं जेवढं वाटलं नाही तेवढं त्या कुलपाचं लागलं.

केंद्रात ती आपल्या पायांनी गेली होती. हे मात्र काकू कोणाला सांगत नसत; मी नेलं, असंच सांगत. तिथून तिला जिभेखाली धरायची औषधाची गोळी मिळायची, ती घरी आल्यावर हळूहळू कमी करत नेली आणि गेल्या हिवाळ्यात बंद झाली. रात्र रात्र झोप नाही, पाय जागेवर ठरत नाहीत, उगाचच रडू येतंय, यातूनही ती पार झाली. भूक परतली, पाळी परतली, गालांवर मांस आलं. गोदामात काही तिला परत जायचं नव्हतं, म्हणून ती दुकानात बसायला लागली आणि वर्षभरात अशी तरबेज झाली की किल्ली हरवलेली माणसं थेट तिच्याकडेच कुलूप घेऊन यायला लागली. काकू ते बघायच्या आणि तोंडानं एक अक्षर काढायच्या नाहीत. लोकांच्या घरी मात्र तिला एकटीला कधी पाठवायच्या नाहीत.

कायद्यामुळे घरात एक निराळीच भाषा तयार झाली होती. डोकं ‘जड’ व्हायचं, दाढ ‘हजेरी लावायची’, पाठ ‘आठवण काढायची’. कायदा सगळ्यांना सारखा म्हणून काकू स्वतःही तो पाळायच्या; माळ्यावर चढताना त्यांचे गुडघे ‘भांडायचे’. शेजारचा बूटवाला हसायचा. तुमच्याकडे आज कोण कोणाशी भांडतंय, असं तो रोज सकाळी विचारायचा आणि काकूंनाही या गोष्टीची मनातून गंमत वाटायची.

त्या दिवशी सकाळी सुनेनं चहा अर्धा टाकला. मग तिनं एक किल्ली चुकीची कापली. मग दुसरीही. काकूंनी वर पाहिलं. सुनेच्या कपाळावर घाम होता, हातांवर काटा आला होता, ओठ पांढरे पडले होते आणि एक हात पोटाशी होता. थोड्या वेळानं ती मागे धावली आणि ओकल्याचा आवाज आला. ही सगळी लक्षणं काकूंना तोंडपाठ होती. त्यांना ती झोपेतून उठवून विचारली असती तरी त्यांनी क्रमानं सांगितली असती.

त्यांनी काय होतंय म्हणून विचारलं. काही नाही आई, पोट जरा जड आहे, असं सून म्हणाली.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि झडती सुरू केली. पर्स पालथी केली, एप्रनचे खिसे उलटे केले, बूट झटकले, कोऱ्या किल्ल्यांचे डबे उपसले. कंगवा निघाला, बसचा पास निघाला, बिस्किटांचा अर्धा पुडा निघाला. गोळी निघाली नाही. याचा अर्थ काकूंनी असा लावला की या वेळी तिनं अगदी बेमालूम लपवलीय. समोर सून भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

“हे सगळं गोळीसाठी चाललंय,” काकू म्हणाल्या. “मला कळत नाही असं वाटलं का तुला? तुम्ही लोक असंच करता.”

“आई, मी काही घेतलेलं नाही.”

हे वाक्य त्यांनी पूर्वी इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांच्या कानांना त्याचे घट्टे पडले होते.

दुपारी एक चमत्कार झाला. सुनेनं एकदा ओठ दातांखाली घट्ट दाबला, आणि मग तिचा चेहरा सैल पडला. ती उठली, तोंड धुऊन आली, आता बरं वाटतंय म्हणाली आणि चक्क मशीनवर बसली. काकूंना जिंकल्यासारखं झालं. कोणी भाव दिला नाही की नाटक आपोआप उतरतं, असं त्यांनी बूटवाल्याला ऐकवलंही. पोटातलं काहीतरी फुटलं की थोडा वेळ असंच बरं वाटतं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांना व्यसनाची सगळी लक्षणं पाठ होती. इतर माणसांना होतात ते साधेसुधे आजार त्या सुनेच्या बाबतीत विसरूनच गेल्या होत्या.

गिऱ्हाइकाची किल्ली हातात असतानाच सून काउंटरमागे कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं. काकूंनी तिला उचलायला पोटाखाली हात घातला आणि झटकन काढून घेतला. पोट लाकडासारखं कडक झालं होतं. बूटवाल्यानं धावत जाऊन टॅक्सी आणली.

हॉस्पिटलात नाव लिहून घेणाऱ्या बाईला सुनेनं स्वतःहून सांगितलं की मला पूर्वी गोळ्यांचं व्यसन होतं, आता मी काही घेत नाही. डॉक्टरांपासून काही लपवायचं नाही, असं केंद्रात शिकवलं होतं. उभं राहायची ताकद नव्हती, पण शिकवलेलं तिनं पाळलं. त्या खरेपणाचं बक्षीस तिला ताबडतोब मिळालं. त्या क्षणापासून तिच्या पोटाकडे कोणी बघेना. नर्सनं आधी सुईच्या खुणांसाठी तिचे दंड तपासले. तरुण डॉक्टर आला, त्यानं डोळ्यांत बॅटरी मारली, शेवटचं कधी घेतलंस म्हणून विचारलं, मग तेच जरा फिरवून विचारलं, मग दरडावून विचारलं. कुठे दुखतंय का, हे त्यानं एकदाच विचारलं, आणि तेही लिहिता लिहिता. सुनेनं काकूंकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, जरा जड आहे, सहन होतंय. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेला. या दोघींना भिंतीकडच्या बाकावर थांबायला सांगितलं.

बाकावर सून आडवी झाली. श्वास वरच्या वर चालला होता. समोरून ट्रॉली ढकलत दोन नर्स चालल्या होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, “सुईसाठी चाललंय हे सगळं. हे लोक असंच करतात.” तिनं आवाजही उतरवला नव्हता.

काकू ताडकन उठल्या. हे लोक म्हणजे कोण? माझी सून म्हणजे हे लोक? दिवसभर माझ्याबरोबर दुकानात राबते, दोन वर्षं त्या गोळ्यांना शिवलेली नाही, मरणाच्या दारात पडलीय, आणि ही कोण कुठली तिला ‘हे लोक’ म्हणते? काकूंच्या जिभेवर तिचा पुरता पाणउतारा तयार होता. तो बाहेर पडणार एवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. गोळीच्या जागी सुई, एवढाच काय तो फरक. सकाळी दुकानाचं दार लोटून घेऊन हेच त्यांनी या पोरीला तोंडावर सुनावलं होतं. परक्या बाईनं निदान दुसरीला म्हटलं. त्यांना तोंडात मारल्यासारखं झालं.

पण राग काही विझला नाही, उलट दुप्पट झाला. अर्धा त्या नर्सचा आणि अर्धा स्वतःचा. तो घेऊन त्या तरुण डॉक्टरपुढे जाऊन उभ्या राहिल्या. तिच्या पोटाला हात लावून बघा, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टर वैतागला. रक्त तपासायला पाठवू, नंबर लागला की बोलावू, असं काहीबाही तो म्हणाला. काकू हटल्या नाहीत. तेव्हा तो म्हणाला, “बाई, मी विचारलं होतं. तिनंच सांगितलं, दुखत नाही म्हणून.”

तिनं सांगितलं नव्हतं, हे खरंच होतं. आणि का सांगितलं नव्हतं, हे त्या अख्ख्या हॉस्पिटलात एकट्या काकूंना माहीत होतं.

त्या परत बाकाशी आल्या. गुडघ्यांची पर्वा न करता खाली फरशीवर बसल्या आणि सुनेचं तोंड आपल्याकडे वळवलं.

“म्हण,” त्या म्हणाल्या.

“काय म्हणू?”

“दुखतंय म्हण. मी सांगते म्हणून म्हण.”

सुनेचे डोळे खोल गेले होते, ओठांना कोरड पडली होती. तिनं अगदी हळू विचारलं, “घरी येऊ द्याल ना मग?”

पोटात विष पसरत असताना ही पोर सासूच्या कायद्याची राखण करत बसली होती. जीव गेला असता तरी तिनं तो शब्द उच्चारला नसता. दोन खोल्यांचं ते घर तिला एवढं हवं होतं, आणि काकू तिचं कौतुक एका शब्दानंही न करता तिच्या बुटात गोळ्या शोधत होत्या.

“घर तुझं आहे,” काकू म्हणाल्या. “म्हण आता.”

“दुखतंय,” सून म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. आणि मग दोन वर्षांचं साठलेलं सगळं एकदम आल्यासारखं ती तेच म्हणत राहिली, इतक्या मोठ्यानं की वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. काकूंनी कोणालाही तिला गप्प करू दिलं नाही.

डॉक्टर आला. कपाळाला आठ्या घालूनच आला. त्यानं पोटावर उजवीकडे खाली हात दाबला आणि सोडला, आणि तो हात सोडताना सुनेच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून त्याच्या आठ्या गेल्या आणि चेहराही उतरला. त्यानंतर मात्र पळापळ झाली. ज्या स्ट्रेचरला मघापासून मुहूर्त मिळत नव्हता ते आलं, पोटाचा फोटो झाला, अपेंडिक्स फुटून पोटभर पू पसरल्याचं कळलं. सह्या झाल्या आणि तिला आत नेलं.

ऑपरेशन करून बाहेर आलेले मोठे डॉक्टर म्हणाले की आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, हिला सकाळीच आणायला हवं होतं. काकूंनी त्यांना सोडलं नाही. आणली तेव्हा तुमची माणसं तिच्या डोळ्यांत बॅटरी मारत बसली होती, पोट डोळ्यांत असतं का, असं त्यांनी भर व्हरांड्यात विचारलं. सकाळी का आणली नाही, याचं उत्तर मात्र काकूंनी दिलं नाही.

मग भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी बाकावर काकूंच्या शेजारी बसून समजावलं, की दोन-चार दिवस हिला दुखण्यावरचं, त्या गोळ्यांच्याच जातीचं जबर औषध द्यावंच लागेल. काकू दचकल्या आणि नको म्हणाल्या. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या की मोजून देऊ, केंद्राला कळवून देऊ, आणि उतरवत नेऊ. पण तिला तशीच तळमळत ठेवलीत तर इथून बाहेर पडल्यावर ती आराम कुठे शोधेल, त्याचाही विचार करा. आतापर्यंत या माणसांत एवढ्याच एका बाईनं धड बोलायची तसदी घेतली होती. काकूंनी मान डोलावली आणि हे सगळं सूनबाईलाही असंच नीट सांगा, शेवटी अंग तिचं आहे, असं सुचवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला. त्याचं जहाज कुठल्याशा बंदराला लागलं होतं. काकू सुनेच्या खाटेजवळच होत्या. खिडकीतून ऊन येत होतं, सून नुकतीच जागी झाली होती. नाकात नळी, हातात सलाईन. काकूंनी मुलाला सांगितलं की तुझ्या बायकोचं काल ऑपरेशन झालं, हॉस्पिटलात आहोत.

मग त्यानं विचारलं, “आई, परत घेतलं का तिनं?”

काकूंना त्याचा कान पिळावासा वाटला. बायकोचं पोट फाडलं म्हणून सांगतेय आणि याचा पहिला प्रश्न हा? पण हा प्रश्न त्याला शिकवला कोणी? दोन वर्षं त्याचा फोन आला की काकू मागच्या खोलीत जाऊन, तोंडावर हात धरून, त्याला तेवढंच सांगत आल्या होत्या. ठीक आहे, काही घेतलेलं दिसत नाही. अजून तरी नाही. लक्ष आहे माझं. बायकोची दुसरी काही खबर असते, ती कुलपं किती सफाईनं उघडते, हल्ली पुन्हा हसते, यातलं त्यांनी त्याला कधी काही कळवलंच नव्हतं.

सुनेनं खुणेनं फोन मागितला होता, तो त्यांनी तिच्या कानाशी धरला. मुलानं काय विचारलं ते तिनं ऐकलेलं नव्हतं. तिनं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली, आणि नवऱ्याशी पहिलं वाक्य बोलली.

“मी काही घेतलेलं नाही हो. खरंच नाही.”

काकूंनी फोन काढून घेतला. हे वाक्य परत तोंडातून काढायचं नाही, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. तिच्या तोंडावर एकदा बंदी घालून झाली होती आणि त्या बंदीची किंमत समोर खाटेवर होती. सून घाबरून त्यांच्याकडे बघत होती, आपलं काही चुकलं का म्हणून. काकूंना या वेळी दुसऱ्या खोलीत जायचं नव्हतं. त्या तिथेच, तिला ऐकू जाईल अशा आवाजात, मुलाशी बोलल्या.

“नीट ऐक. तिच्या पोटात आग लागली होती आणि मी तिचे खिसे तपासत होते. तिनं काही घेतलं नव्हतं. ती खरं सांगत होती आणि मी ऐकलं नाही. यापुढे तिची खबर मी देणार नाही, तिची तिला विचारायची. आता फोन तिच्या कानाशी धरते. कशी आहेस, एवढंच विचार.”

त्यांनी फोन परत सुनेच्या कानाशी धरला, आणि पोरगा सांगितलेलंच विचारतोय ना, ते ऐकायला आपलाही कान जवळ नेला.